आकाशाचे फोटो : खरे किती, रंगवलेले किती?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक लहानसे भांडण झाले. निमित्त होते एका फोटोचे. माझा पुतण्या पुण्यात एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि गेली तीन-चार वर्षे त्याला आकाशाचे फोटो काढण्याचा नाद लागला आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याने मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा एक मोठा फोटो चौकटीत बसवून आणला आणि बैठकीच्या खोलीत, वडिलांच्या तसबिरीशेजारी टांगला. काळोखात एखादे गुलाबी, जांभळ्या, निळसर पाकळ्यांचे फूल उमलावे तसे ते चित्र होते. फराळाला येणारी मंडळी चकली मोडता मोडता वर बघत आणि "वा!" म्हणत. मी मात्र बोलून गेलो, "सुंदर आहे रे, पण खोटं आहे. आकाशात असले रंग कुणी पाहिलेत?"

पोराचा चेहरा उतरला. "काका, सात रात्री जागलोय त्याच्यासाठी," तो एवढेच म्हणाला. त्यावर मी म्हटले, "जागरणाने खोट्याचं खरं होत नाही." उभा जन्म चित्रांवर आणि पुस्तकांवर मते देण्यात गेलेला माणूस जसे बोलेल तसेच मी बोललो. सणाच्या दिवशी तसे बोलायला नको होते, हे माझ्या बायकोने मला नंतर स्वयंपाकघरात नीट समजावून सांगितले.

पुढे जानेवारीत आम्ही सगळे वाईपलीकडच्या आमच्या गावी गेलो. पुतण्याने अंगणात दुर्बीण मांडली, मृगाकडे रोखली आणि आजीला, म्हणजे माझ्या आईला, स्टुलावर बसवले. तिचे वय ८४. तिने बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाली, "धूर दिसतोय रे नुसता. पहाटे चुलीतून निघतो तसा." मी विजयी मुद्रेने पुतण्याकडे पाहिले. पण म्हातारीचे बोलणे संपले नव्हते. "माझे डोळे म्हातारे झाले. तुझ्या यंत्राचे तरुण असतील. त्याला दिसत असेल फूल."

या वाक्याने माझा निकाल मला परत तपासायला लावला. त्यानंतरचे दहा महिने मी हौशी लोकांनी काढलेले आकाशाचे शेकडो फोटो पाहिले, पुतण्याबरोबर थंडीत काही रात्री काढल्या, थोडा इतिहास वाचला. कवितेची किंवा चित्राची समीक्षा करायची तर तिच्या घडणीची माहिती हवी, असे आपण मानतो. मग या नव्या कलेला ती सवलत का नाकारावी? हा लेख म्हणजे त्या भांडणाचा उशिरा लिहिलेला निकाल आहे.

प्रथम डोळ्याविषयी. आपल्या डोळ्याच्या पडद्यात दोन जातींच्या पेशी असतात. रंग ओळखणाऱ्या पेशींना भरपूर उजेड लागतो. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींना रंग कळत नाहीत. म्हणून रात्री अंगणातली जास्वंद काळी दिसते. ती काळी झालेली नसते. आपण रंगांधळे झालेले असतो. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. सेकंदाच्या लहानशा भागात जे आले तेवढ्याचे चित्र तो मेंदूकडे पाठवतो आणि पाटी कोरी करतो. फोटोची काच, फिल्म किंवा आजच्या कॅमेऱ्यातली चकती यांचे तसे नाही. थेंबाथेंबाने घागर भरावी तसा त्यांच्यात प्रकाश साचत जातो. मृगातला तो तेजोमेघ सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. त्यातला हायड्रोजन वायू तांबडा प्रकाश देतो, ही मोजलेली गोष्ट आहे. आईने धूर पाहिला हे खरे, आणि तो धूर तांबडा आहे हेही खरे. माझे "कुणी पाहिलेत?" हे विचारणे त्या क्षणीच लंगडे पडले. कुणी न पाहिलेले दाखवणे हेच तर या कलेचे काम.

आणि हे काम हौशी लोकांनीच पुढे नेले, हे वाचून मला गंमत वाटली. १८४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राचा फोटो काढला. १८५० मध्ये हार्वर्डच्या १५ इंची दुर्बिणीतून अभिजित ताऱ्याचा फोटो निघाला. सूर्य सोडला तर हा पहिला तारा. पुढे जॉन ड्रेपर यांचा मुलगा हेन्री, जो पेशाने वैद्यकाचा प्राध्यापक होता, त्याने ३० सप्टेंबर १८८० च्या रात्री ५१ मिनिटे काच उघडी ठेवून याच मृगातील तेजोमेघाचा पहिला फोटो मिळवला. तीन वर्षांनी लंडनजवळ ईलिंग येथे अँड्र्यू एन्स्ली कॉमन नावाच्या गृहस्थाने, ज्याचा धंदा सांडपाण्याच्या बांधकामांचा होता, घरच्या बागेत उभारलेल्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचा असा फोटो काढला की त्यात दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे उमटले. डोळ्यावर काचेने मात केली ती तेव्हा. १८८८ मध्ये लिव्हरपूलजवळच्या आयझॅक रॉबर्ट्स या इमारती बांधणाऱ्या कंत्राटदाराने देवयानी नक्षत्रातील दीर्घिकेचा फोटो काढला आणि तिची भोवऱ्यासारखी वळणे प्रथम जगापुढे आली. तोपर्यंत थोरथोर ज्योतिषी तिच्याकडे बघून अंदाज बांधत आणि हाताने चित्रे काढत.

या मंडळींत मला सर्वांत जवळचा वाटला तो एडवर्ड इमर्सन बार्नार्ड. अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावचा हा बापाविना वाढलेला गरीब मुलगा. वयाच्या नवव्या वर्षी तो एका फोटो स्टुडिओत कामाला लागला. तिथे सूर्याच्या उजेडावर फोटो मोठे करण्याचे एक अवजड यंत्र होते, आणि सूर्य सरकेल तसे ते यंत्र सरकवत राहणे हे या पोराचे काम. दिवसभर छपरावर उन्हात बसून त्याने सूर्याचा पाठलाग केला. मोठेपणी, १८८९ पासून, कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेत त्याने आकाशगंगेचे जे अपूर्व फोटो काढले ते जुन्या बाजारातून आणलेल्या, माणसांच्या तसबिरी काढण्याच्या सहा इंची भिंगातून. आणि तासन्तास डोळा लावून, हाताने यंत्र सरकवत. लहानपणीची ती शिक्षा त्याच्या कलेची तालीम ठरली.

बार्नार्डच्या या गोष्टीत या कलेचे सारे तंत्र आले आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. कॅमेरा साध्या तिपाईवर ठेवून ५० मिलिमीटरच्या भिंगाने फोटो घेतला, तर दहा सेकंदांपलीकडे तारे ठिपके राहत नाहीत, रेघा होतात. म्हणून आकाशाच्या फोटोत पहिला मान दुर्बिणीचा नाही, कॅमेऱ्याचा नाही. तो बैठकीचा, ज्याला ही मंडळी माउंट म्हणतात त्याचा. त्याचा एक आस ध्रुवाकडे रोखलेला असतो आणि तो आस पृथ्वीच्या उलट, तिच्याच वेगाने फिरतो. पुतण्याच्या सामानात माउंटला दुर्बिणीच्या दुपटीहून अधिक पैसे गेले आहेत. हे ऐकून त्याची आई म्हणाली होती, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" पण नवशिक्यांचे फोटो पाहिल्यावर मला वाटते, मसाल्याचे पैसे वाचवणाऱ्यांचीच कोंबडी फुकट जाते. मोठी दुर्बीण डुगडुगत्या पायांवर बसवून काढलेल्या फोटोत तारे शेवयांसारखे लांबलेले असतात. लहान भिंग भक्कम बैठकीवर बसवून काढलेल्या फोटोत ते मोहरीच्या दाण्यासारखे गोल असतात. नाचता येईना अंगण वाकडे, असे आपण म्हणतो. इथे मात्र अंगण खरोखर सपाट असावे लागते.

दुसरी गोष्ट फोकसची. तारा इतका बारीक असतो की भिंग केसभर सरकले तरी त्याचा बत्तासा होतो. त्यावर पावेल बाख्तिनोव या रशियन हौशी माणसाने २००५ मध्ये एक स्वस्त युक्ती काढली. विशिष्ट कोनांत चिरा पाडलेला पुठ्ठा दुर्बिणीच्या तोंडावर लावायचा. ताऱ्याला तीन शेपट्या फुटतात, आणि मधली शेपटी बाकी दोघींच्या बरोबर मध्यावर आली की फोकस जुळला. पुठ्ठा आणि कात्री असली की काम भागते. तिसरा शत्रू दव. मध्यरात्रीनंतर भिंगावर ते बसते आणि एक एक तारा विझत जातो. म्हणून भिंगाभोवती विजेवर उबदार राहणारा पट्टा गुंडाळतात. माझी जुनी मफलर त्या पट्ट्याखाली गेली ती अजून परत आलेली नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत उद्बोधक वाटली. आजचा हौशी माणूस एक लांब फोटो काढत नाही. तो तीन-तीन, पाच-पाच मिनिटांचे शंभर फोटो काढतो आणि संगणकावर एकमेकांवर रचतो. कॅमेऱ्यात स्वतःचा असा एक खरखराट असतो, जुन्या रेडिओत असे तसा. प्रत्येक फोटोत तो निराळ्या जागी पडतो, तारे मात्र जागच्या जागी असतात. फोटो रचत गेले की तारे ठाम होतात आणि खरखराट पातळ होतो. हिशेब वर्गमुळाचा आहे : चार फोटो रचले तर चित्र दुप्पट स्वच्छ, सोळा रचले तर चौपट, शंभर रचले तर दहापट. म्हणजे पहिल्या चार फोटोंत जेवढी मजल मारली तेवढीच पुढे मारायची तर बारा आणखी हवेत. गाण्याच्या रियाजाचा हिशेब तरी याहून निराळा कुठे असतो? शिवाय झाकण लावून काही काळे फोटो घ्यायचे, म्हणजे कॅमेऱ्याचे दोष वजा करता येतात; आणि एकसारख्या उजळ पांढऱ्या पृष्ठभागाचे काही घ्यायचे, म्हणजे भिंगावरची धूळ आणि कडांचा अंधार काढून टाकता येतो. स्वतःच्या यंत्राचे दोष आधी मोजायचे आणि मग जगाकडे बघायचे! आम्हा समीक्षकांत ही शिस्त असती तर कितीतरी लेख लिहिले गेले नसते.

इथवर खोटेपणाचा प्रश्न येत नाही. तो येतो पुढे. रचून तयार झालेला फोटो जवळजवळ काळा असतो. तेजोमेघ त्यात असतो, पण इतका मंद की दिसत नाही. मग तो 'ताणावा' लागतो, म्हणजे मंद भाग उजळावे लागतात आणि तेजस्वी भाग करपू द्यायचे नसतात. किती ताणायचे, रंग किती गडद करायचे, हे यंत्र सांगत नाही. इथे माणसाची रुची कामाला लागते, आणि रुची आली तिथे समीक्षकाला बोलण्याचा हक्क आला.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये गरुड तेजोमेघातील धुळीच्या तीन स्तंभांचा फोटो काढला. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन या दोघांचे ते काम. 'सृष्टीचे स्तंभ' या नावाने तो घराघरांत पोहोचला. त्यात गंधकाचा प्रकाश तांबडा, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवला आहे. वास्तविक गंधकाचा आणि हायड्रोजनचा, दोघांचाही प्रकाश तांबडाच असतो. दोन्ही तांबडे ठेवले तर कोणता वायू कुठे आहे हे कळणार नाही, म्हणून ही रंगांची वाटणी. नकाशात आपण महाराष्ट्र पिवळा आणि गुजरात हिरवा दाखवतो, त्यात फसवणूक नसते. कारण नकाशाच्या कोपऱ्यात खुलासा असतो. हबलच्या चित्राबरोबरही तो खुलासा होता. तो वाचला नाही हा आपला दोष. पण यातून दुसरेच एक घडले. ते सोनेरी-निळे रंग इतके लोकप्रिय झाले की जगभरच्या हौशी मंडळींनी तीच रंगपेटी उचलली. एलिझाबेथ केसलर या अभ्यासिकेने २०१२ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की हबलची चित्रे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन निसर्गचित्रांच्या वळणावर गेलेली आहेत. तेच उत्तुंग कडे, तोच मागून येणारा दिव्य उजेड. आकाश अनंत आहे आणि त्याची चित्रे मात्र एका घराण्याची! गेल्या दहा महिन्यांत मी पाहिलेल्या शेकडो फोटोंतले बहुतेक त्याच वीस-पंचवीस विषयांचे होते आणि बहुतेकांत रंग मिठाईच्या दुकानासारखे होते. काक्षी तारा तांबूस आहे आणि राजन्य निळसर, हे नुसत्या डोळ्यांनीही कळते. कित्येक फोटोंत तेवढाही फरक उरला नव्हता, सगळे तारे मिठाच्या खड्यांसारखे पांढरे. गुलाबी ढगाच्या हौसेपायी ताऱ्यांचा जीव गेला होता. माझी या फोटोंविषयी खरी तक्रार आहे ती ही.

आपल्याकडच्या एका प्रकाराविषयीही बोलले पाहिजे. गडाचा बुरूज आणि त्याच्यावर उभी आकाशगंगा, असे फोटो आता पुष्कळ दिसतात. त्यातले काही अप्रतिम आहेत. पण कित्येकांत बुरूज संध्याकाळच्या उजेडात टिपलेला असतो, आकाश मध्यरात्री, आणि क्वचित दुसऱ्याच गावी. दोन्ही जोडून एक चित्र केलेले असते. एकाच जागी, तिपाई न हलवता, काही तासांच्या अंतराने टिपलेले दोन क्षण जोडले तर त्याला माझी हरकत नाही. तसे सांगितले म्हणजे झाले. पण ज्या दिशेला आकाशगंगा कधी उभी राहतच नाही त्या दिशेला तिला उभी करणे म्हणजे ऐतिहासिक कादंबरीत शिवकाळातल्या माणसाच्या हातात आगपेटी देणे होय.

निखळ लबाडीची उदाहरणेही आहेत. २०२२ मध्ये एत्येन क्लाइन या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक तांबडी तेजस्वी चकती दाखवून, हा सूर्याला सर्वांत जवळच्या ताऱ्याचा नव्या वेब दुर्बिणीने काढलेला फोटो, असे जाहीर केले. लोकांनी माना डोलावल्या. मग त्याने सांगितले की तो स्पॅनिश सॉसेजचा काप आहे. थट्टा होती, पण अधिकाराच्या खुर्चीवरून काहीही खपते, हे त्याने दाखवले. २०२३ मध्ये कुणीतरी चंद्राचे मुद्दाम अंधुक केलेले चित्र पडद्यावर लावले आणि एका मोबाइल फोनने त्याचा फोटो घेतला, तर फोनने त्यात नसलेले बारकावे आपल्या पोतडीतून काढून भरले. मला ही गोष्ट सॉसेजपेक्षा गंभीर वाटते. तिथे निदान लबाडी करणारा माणूस होता आणि त्याने ती कबूल केली. इथे फोटो काढणाऱ्यालाही कळत नाही की त्याला मिळालेला चंद्र त्याच्या खिडकीतला नाही.

तर मग खरे-खोटे ठरवायचे कसे? विचार करता करता मी तीन प्रश्नांवर येऊन थांबलो. पहिला : चित्रातला प्रकाश आकाशाच्या त्याच तुकड्यातून आला आहे का? दुसरा : आकार आणि तेज यांचा क्रम राखला आहे का, म्हणजे जिथे वायू अधिक तेजस्वी आहे तिथे चित्रातही तो अधिक आहे, आणि जिथे काही नाही तिथे काही घातलेले नाही, असे आहे का? तिसरा : काय केले ते करणाऱ्याने सांगितले आहे का? तिन्हींना 'हो' असे उत्तर आले, तर रंग गुलाबी असो की हिरवा, चित्र खरे. मग ते चांगले की वाईट, हा निराळा प्रश्न. गेल्या दिवाळीत मी हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले. चित्र भडक होते म्हणून मी त्याला खोटे म्हटले.

हा खरेपणाचा आग्रह शास्त्रज्ञांची चैन आहे असे कुणाला वाटेल. पण खऱ्या फोटोतच अनपेक्षित असे काही सापडू शकते. याचे पहिले उदाहरण आपल्याच भूमीवरचे आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणकिनाऱ्यावरून वऱ्हाड-नागपूरकडे गेली. नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला आले होते. पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगामवाला सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. आणि वऱ्हाडात तळणी येथे ब्रिटनच्या हौशी ज्योतिर्विदांच्या संस्थेचा तळ पडला होता. त्यांत ॲनी माँडर होत्या. ग्रिनिचच्या वेधशाळेतली नोकरी त्यांना सुमारे दोन वर्षांपूर्वी लग्न झाले म्हणून सोडावी लागली होती. त्यांच्याजवळ स्वतः आखलेला एक लहान कॅमेरा होता. भिंग अवघे दीड इंचाचे. सूर्य झाकला गेला त्या थोड्या क्षणांत त्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला एक किरणझोत टिपला. तो जवळजवळ १ कोटी किलोमीटर लांब होता; इतका लांब झोत तोपर्यंत कुणाच्या फोटोत आला नव्हता. वऱ्हाडच्या माळावर, नोकरी गेलेल्या एका बाईने, दीड इंची भिंगातून!

अगदी अलीकडची दोन उदाहरणे. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात व्हिक्टर बुसो हा कुलुपे-किल्ल्यांचे काम करणारा गृहस्थ घराच्या गच्चीवर नवा कॅमेरा तपासत होता. शहराच्या उजेडामुळे लांब फोटो घेता येत नव्हते, म्हणून तो एका दीर्घिकेचे वीस-वीस सेकंदांचे फोटो घेत राहिला. त्या फोटोंत एक ठिपका नव्याने उगवला आणि वाढत गेला. तो एका ताऱ्याच्या स्फोटाचा पहिला प्रकाश होता. तो क्षण असा ऐनवेळी पकडणे इतके दुर्मिळ की २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर निबंध आला. दुसरे उदाहरण देवयानीचे. त्या दीर्घिकेचे लक्षावधी फोटो निघालेले. तिच्यात आता नवे काय दिसणार? मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सँती या तिघा हौशी लोकांनी अवघ्या १०६ मिलिमीटरच्या दुर्बिणीतून ऑक्सिजनच्या निळसर प्रकाशात अनेक तास फोटो घेतले आणि दीर्घिकेशेजारी निळ्या वायूची एक लांबलचक कमान दिसली. २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मोठमोठ्या वेधशाळांच्या नजरेतून ती सुटली होती, कारण तिथे एका जागेवर इतक्या रात्री घालवायला कुणाला सवड नव्हती. ही कमान पहिल्यांदा दिसली तेव्हा, आपण ताणताना काही चूक तर केली नाही ना, हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो. झाकण लावून घेतलेले ते कंटाळवाणे काळे फोटो अशा वेळी साक्षीदार म्हणून उभे राहतात. ज्याने रंग भरण्याची सवय लावून घेतली त्याला अशी कमान सापडली, तरी त्याचा स्वतःचाच तिच्यावर विश्वास बसणार नाही.

शेवटी अंधाराविषयी दोन शब्द, कारण या कलेचा कॅनव्हास तोच आहे आणि तो विरत चालला आहे. पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, तेव्हा शहराच्या वेशीवर उभे राहिले की आकाशगंगा दिसत असणार. आज गाडी काढून तासन्तास जावे लागते. रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियम दिवे बहुतेक एकाच रंगाचा उजेड देत, तो गाळणीने अडवता येई. नव्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत सगळे रंग असतात, त्यांना गाळणी पुरत नाही. २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला अंधार राखणारे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वाघाबरोबर काळोखही राखीव जंगलात ठेवण्याची पाळी आली, यात आनंद किती मानायचा?

आपली दिवाळी येते ती अमावास्येला. चंद्र नसलेली, पावसाने धुतलेल्या आकाशाची ही रात्र फोटो काढणाऱ्याला वर्षातली उत्तम रात्र वाटावी. या अमावास्येनंतर सुरू होणाऱ्या महिन्याला कार्तिक म्हणतात तेच मुळी पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांपाशी येतो म्हणून. म्हणजे आपल्या पूर्वजांनी सणही आकाशाकडे बघून लावले. दिवे लावू नका, असे मी म्हणणार नाही. पणतीच्या उजेडाने कुठल्याही ताऱ्याचे नुकसान होत नाही. पण फटाक्यांचा धूर ओसरल्यावर, गावी असाल तर, एकदा अंगणातला विजेचा दिवा मालवून बाहेर या. रात्री नऊ-दहाच्या सुमारास पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असेल आणि उत्तरेकडे, डोक्यापासून थोडी खाली, देवयानीची दीर्घिका अंधुक डागासारखी दिसेल. तो डाग म्हणजे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड. डोळ्याला एवढाच दिसतो. बाकीचा पाहायचा तर यंत्र, रात्री आणि प्रामाणिकपणा लागतो.

यंदा पुतण्याने दिवाळीला देवयानीचा फोटो आणला आहे. रंग बेताचे आहेत. मागच्या बाजूला त्याने कागद चिकटवून लिहिले आहे : किती रात्री, किती फोटो, कोणती गाळणी, रंगांत काय फेरफार. मृगाचा फोटो मी काढू दिला नाही; दोन्ही शेजारी शेजारी लावले आहेत. त्या "खोटं आहे" बद्दल मी त्याची सर्वांदेखत माफी मागितली. जांभळा रंग जरा जास्त झाला आहे, हे मत मात्र मागे घेतले नाही. तो हसला आणि म्हणाला, "काका, ते मलाही कधीच पटलंय. पण गेल्या वर्षी तुम्ही तसं म्हणाला नव्हतात."